सव्वाबाराची पंगत: ऑफिसातल्या सोळा जणांचं जुन्या बेळगावातलं जेवण (प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

टिळकवाडीतलं एक सीए ऑफिस. माणसं सोळा: दोन पार्टनर, निवृत्तीला आलेले हेड क्लार्क, सात कायम कर्मचारी, आर्टिकलशिपची (सीएच्या प्रशिक्षणातली) चार मुलं-मुली, एक ऑफिस बॉय आणि चहापाणी बघणाऱ्या मावशी. हेड क्लार्कना सगळे काका म्हणतात. त्यांचा शेवटचा दिवस गुरुवारी होता आणि त्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायचं ठरलं. माणसं आणि हॉटेल ओळखू येईल असे तपशील इथे मुद्दाम वगळले आहेत.

काकांनी एकच गोष्ट सांगितली, "गावात जेवूया. हायवेवर नको." टिळकवाडीतल्या माणसाला गाव म्हणजे कपिलेश्वर पुलाच्या पलीकडची जुनी पेठ: खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, रामलिंगखिंड गल्ली, किर्लोस्कर रोड. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलींचं दुकान काढलं ते याच शहरात. किर्लोस्करवाडी त्यानंतरची, 1910 ची. पूर्वेला किल्ला आहे आणि किल्ल्यात रट्ट राजांच्या काळातलं, 1204 चं जैन मंदिर, कमल बस्ती. पण हा भाग नुसता बघायला जायचा नाही, तो आजही चालता बाजार आहे. खानापूर, बैलहोंगल, चंदगडकडून माणसं साडी, सोनं, भांडी, बी-बियाणं घ्यायला सकाळच्या बसने येतात आणि दुपारी इथेच जेवतात. हमाल, दुकानातली पोरं, टेम्पोवाले हे रोजचं गिऱ्हाईक. पेठेतल्या खानावळी या माणसांसाठी आहेत. म्हणूनच त्या स्वस्त आहेत, आणि ऑफिसच्या घोळक्याला त्या सहज का पेलत नाहीत याचं कारणही तेच आहे.

अडचण नेमकी काय होती

वरवर पाहता प्रश्न साधा होता: माणशी दीडशे रुपयांच्या आत, सगळ्यांना चालेल असं जेवण कुठे मिळेल? व्हॉट्सॲपवर मतदान घेतलं. चौदा जणांनी "चालेल" लिहिलं, दोघांनी नुसता अंगठा दाखवला. ही माहितीच नव्हे. आपल्याला काय चालत नाही हे माणूस सोळा जणांसमोर लिहीत नाही. मालकांसमोर तर नाहीच.

म्हणून संयोजनाचं काम ज्यांच्याकडे होतं त्या वरिष्ठ सहायिकेने प्रत्येकाला एकेकटं गाठून तीन प्रश्न विचारले. काय अजिबात खात नाही? कुठल्या वाराला खात नाही? किती वाजता परत टेबलावर असायला हवं? सोळा जणांना मिळून दीड तास लागला, आणि या सगळ्या प्रकरणातला तो सर्वांत सत्कारणी लागलेला दीड तास होता. त्यातून जे बाहेर आलं ते असं.

सात जण शाकाहारी. त्यातले चौघे जिथे मटण शिजतं त्या स्वयंपाकघरातलं पाणीसुद्धा घेत नाहीत. या चौघांतल्या दोघी जैन: कांदा, लसूण, बटाटा, गाजर वर्ज्य, एकीला वांगंही नको. मांसाहार करणाऱ्यांत दोघांना हलाल मटणच चालतं. तिघे सोमवारी आणि गुरुवारी मांसाहार करत नाहीत, त्यातल्या दोघांचा गुरुवारी कडक उपास. शुक्रवारी दुपारी दोघांची जुम्म्याची नमाज. एका मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी. नुसतं "आवडत नाही" असं नव्हे. ओठ सुजतात, घसा आवळतो, ती औषध पर्समध्ये ठेवते. एकाला मधुमेह, त्याला साडेबाराच्या फार पुढे जेवण ढकलता येत नाही. काकांचा उजवा गुडघा दुखरा, उंच पायऱ्या चढवत नाहीत.

आणि स्वतः काका? "मला काहीही चालेल." हे उत्तर मान्य न करता संयोजिकेने पुन्हा विचारलं: "मटण असेल पण पाच-सहा जण बाजूला बसतील, की साधं जेवण असेल आणि सगळे एका पंगतीला?" काका लगेच म्हणाले, "सगळे एकत्र. मटण काय, घरी रविवारी असतंच की." पहिला मोठा निर्णय इथे झाला. "काहीही चालेल" म्हणणाऱ्यासमोर दोन ठोस पर्याय ठेवले की मनातलं कळतं.

विचारात घेतलेले पर्याय

*हायवेवरचं फॅमिली रेस्टॉरंट.* पार्किंग, एसी, लांब टेबल, शाकाहारी-मांसाहारी दोन्ही. खर्च माणशी साडेतीनशेच्या वर, शिवाय 5 टक्के जीएसटी. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. तरी तो लावला तर काढायला सांगावं लागतं, आणि निरोपाच्या जेवणात ती हुज्जत कुणालाच नको असते. पण हा पर्याय बाद झाला तो एकाच स्वयंपाकघरामुळे, आणि काकांनी आधीच नको म्हटलं होतं म्हणून.

*सावजी खानावळ.* सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची ही तिखट, काळ्या मसाल्याची परंपरा उत्तर कर्नाटकात घट्ट रुजलेली आहे. आर्टिकलच्या मुलांची पहिली पसंती हीच. पण सात शाकाहारी आणि हलालवाले दोघे, म्हणजे सोळातले नऊ जण तिथे जेवूच शकत नव्हते.

*उडुपी हॉटेल.* स्वच्छ, झटपट, शाकाहारी. चौघांची टेबलं विखुरलेली. जेवण झालं की पाच मिनिटांत उठावं लागतं. सांबारात कांदा, आणि ते मोठ्या पातेल्यात आधीच तयार असल्यामुळे दोन वाट्या वेगळ्या काढता येत नाहीत.

*दोन ठिकाणांहून पार्सल आणून ऑफिसात जेवणं.* स्वस्त आणि सोपं. पण काकांनी तीस वर्षं ज्या टेबलावर डबा खाल्ला, त्याच टेबलावर निरोपाचं जेवण कुणाच्याच मनाला पटलं नाही.

*पेठेतली शाकाहारी भाकरी-खानावळ.* खडेबाजाराच्या आतल्या गल्लीत जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आणि माडीवर. ताट 140 रुपये: भाकरी किंवा चपाती, एणगाई म्हणजे भरलं वांगं, मोडाची मटकी, पालेभाजी, शेंगा चटणी, कारळ्याची चटणी, दही, आमटी-भात, ताक, वर कच्चा कांदा, मेथी, काकडी. भाकरी, भाजी, भात हवं तितकं. गैरसोयी: टेबल राखून ठेवत नाहीत, गाडी लावायला जागा नाही, आणि शेंगदाणा जवळपास प्रत्येक पदार्थात.

मालक टेबल का राखून ठेवत नाही

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचा सगळा निर्णय या हिशेबावर उभा आहे.

खानावळ दुपारी बारा ते साडेतीन चालते, म्हणजे 210 मिनिटं. रोजचा माणूस पंचवीस-तीस मिनिटांत जेवून उठतो. एका खुर्चीवर चार ते पाच ताटं गेली तर 140 रुपयांत धंदा परवडतो. ऑफिसचा घोळका मात्र तास-सव्वातास बसतो. एक ते दोनच्या गर्दीत सोळा खुर्च्या तासभर अडल्या, तर प्रत्येक खुर्चीमागे एक ताट बुडतं. 16 गुणिले 140, म्हणजे 2240. त्या घोळक्याचं जेवढं बिल, तेवढंच नुकसान. आणि घोळका वर "सोळा जण आहोत, काही कमी करा" म्हणत असतो.

स्वस्त खानावळीत सवलत मागू नये, वेगळा मेनू मागू नये, वेळ मागावी. गर्दीच्या आधीची किंवा नंतरची वेळ मालकाच्या हातात असते आणि त्याला ती देणं परवडतं.

संयोजिका आधीच्या आठवड्यात एका दुपारी साडेतीनला तिथे गेली. गर्दी ओसरलेली, मालक गल्ल्यावर, बायका भाकरीचे तवे उतरवत होत्या. बोलायची योग्य वेळ हीच. तिने बुधवारी एक वाजता सोळा जण म्हटल्यावर मालकाने मान हलवली. "एकला नको अक्का. सव्वाबाराला या, मागची खोली तुमची. साडेबारापर्यंत धरून ठेवतो. त्यानंतर मला जमायचं नाही."

माडीही दाखवली. मोकळी होती, एकलाही मिळाली असती. पण जिना लाकडी, अरुंद, पायऱ्या चांगल्या उंच, आधाराला कठड्याऐवजी दोर. काकांच्या गुडघ्यासाठी माडी सोडली आणि त्याबदल्यात सव्वाबाराची वेळ घेतली.

ठरलं ते

बुधवार, सव्वाबारा, तळमजल्यावरची मागची खोली, चौघांची चार टेबलं. गुरुवार उपासामुळे गेला, शुक्रवार नमाजेमुळे. मटण नाही म्हणून आर्टिकलच्या मुलांची नाराजी राहणार हे माहीत होतं, ती स्वीकारली. त्यांना संयोजिकेने कारण सरळ सांगितलं. कारण सांगितल्याने नाराजी जात नाही, पण आपल्याला विचारलंच नाही असं कुणाला वाटत नाही.

तयारी

स्वयंपाकघराशी झालेलं बोलणं इतरांनाही उपयोगी पडेल असं आहे, म्हणून सविस्तर देतो.

*भाकरी.* सोळा माणसं, सरासरी अडीच भाकऱ्या, म्हणजे चाळीस. एका भाकरीला पंचाहत्तर-ऐंशी ग्रॅम पीठ धरलं तर तीन-सव्वातीन किलो ज्वारीचं पीठ. एका तव्यावर थापणं, पाणी फिरवणं, उलटणं, निखाऱ्यावर फुगवणं यात सरावलेल्या हाताला दीड ते दोन मिनिटं. दोन तवे चालू असले तर चाळीस भाकऱ्यांना तीस-चाळीस मिनिटं. म्हणजे सोळा जण एकदम बसले की पहिल्या दहा मिनिटांत दहा-बाराच भाकऱ्या येणार आणि बाकीचे ताटाकडे बघत बसणार. यावर उपाय मालकीणबाईंनीच सांगितला: आधी कडक भाकरी मांडायची. ती पातळ, वाळवलेली, पापडासारखी मोडणारी, आदल्या दिवशीची चालते. दही, चटणी, मेथीबरोबर माणूस ती खात बसतो आणि तोवर तव्यावरच्या गरम भाकऱ्या येत राहतात.

*जैन ताटं.* वेगळा स्वयंपाक मागितला नाही. तूरडाळ सगळ्यांसाठी एकत्रच शिजते, कांदा-लसूण येतो तो फोडणीत. म्हणून फोडणीआधी डाळ बाजूला काढून तिला जिरं-हिंग-कढीपत्त्याची वेगळी फोडणी. मटकीचंही तसंच. वांग्याऐवजी दोडका. दोन ताटांसाठी दोन छोटी पातेली, एवढंच जादा काम. हे सकाळी दहाच्या आत कळवायला हवं. बारा वाजता सांगून डाळीतला कांदा बाहेर काढता येत नाही.

*शेंगदाणा.* फोडणीला तेल कुठलं? सूर्यफुलाचं. हा प्रश्न पहिला विचारायचा, कारण घाण्याचं शेंगतेल असतं तर त्या मुलीने तिथे जेवायचंच नव्हतं. कूट कशात? एणगाईत, मटकीत, पालेभाजीत, काकडीच्या कोशिंबिरीत. उरलं काय? भाकरी, चपाती, साधं वरण, भात, दही, ताक, आणि कूट न घालता केलेली दोडक्याची भाजी. जैन ताटातली भाजी आणि हिची भाजी एकच करता आली. मालकाने त्या टेबलाच्या वाढप्याला समजावलं: खिडकीजवळच्या खुर्चीला चटणी नाही, कूट नाही.

*बिल.* खानावळ कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) होती. अशा हॉटेलला ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही. उलाढालीवरचा 5 टक्के कर मालक स्वतःच्या खिशातून भरतो. बिलाला "बिल ऑफ सप्लाय" म्हणतात आणि आपण कर वसूल करण्यास पात्र नाही, असं त्यावर छापावं लागतं. सीए ऑफिस असल्याने हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही, पण इतरांनी एवढं बघावं: वरती हे वाक्य असेल आणि खाली 5 टक्के लावलेले असतील, तर ते चूक आहे. बिलावर चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नपरवान्याचा) क्रमांकही असायला हवा.

*पैसे.* समान वाटणी केली तर माणशी दोनशेच्या जवळ जात होतं. मावशी, ऑफिस बॉय आणि आर्टिकलच्या मुलांना हे जड. त्यांना फुकट म्हटलं तर मावशी आल्याच नसत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून काका सोडून पंधरा जणांचे प्रत्येकी शंभर, पार्टनरांचेही शंभरच. वरची रक्कम दोघा पार्टनरांनी परस्पर भरायची आणि कुठे बोलायची नाही. पैसे सोमवारीच गोळा केले, कुणी रोख, कुणी यूपीआय. जाड भिंतींच्या वाड्यात मोबाइलला रेंज जेमतेम असते, आणि जेवण झाल्यावर पंधरा जण गल्ल्यापाशी स्कॅन करत उभे राहिले तर मागच्यांची वाट अडते.

प्रत्यक्ष दिवस

बाराला पंधरा मिनिटं कमी असताना सगळे निघाले. पाच दुचाकींवर दहा जण. दोन मोटारींत सहा: पार्टनर दोघे, काका, मावशी आणि आणखी दोघे. गोवावेस, कपिलेश्वर पूल, पुढे पेठ.

दुचाकी बारा वाजून दहा मिनिटांनी दारात होत्या. मोटारी अडकल्या. खडेबाजारात दुपारी माल उतरवणारे टेम्पो असतात, मधल्या गल्ल्या एकेरी, आणि थांबायला दोन हातही जागा मिळत नाही. दोन फेऱ्या मारून मोटारी लांब लावून सहाजण चालत आले तेव्हा बारा चाळीस झाले होते. ज्यांच्यासाठी जेवण, तेच शेवटी पोचले. काकांना मोटारीतून आणणं हा मान होता आणि गुडघ्याची सोयही. पण पेठेत दुपारी मोटार हे सगळ्यांत सावकाश वाहन आहे.

साडेबाराला मालकाने खोलीत डोकावून पाहिलं. दहा माणसं बसलेली, सहा खुर्च्या रिकाम्या, बाहेर लोक उभे. इथे संयोजिकेसमोर तीन वाटा होत्या: दहा जणांना वाढायला सांगायचं, एक टेबल स्वतःहून सोडायचं, किंवा थांबायचं. ती थांबली. काका आल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही ही भावना योग्यच होती. पण पाच मिनिटांनी मालकाने काही न बोलता एका टेबलावर बाहेरचे चौघे बसवले, आणि त्याने तसं करण्यात काही गैर नव्हतं. तो शब्दाला जागला होता.

मोटारीतले सहा आले तेव्हा दोन खुर्च्या शिल्लक. काका आणि मावशींना बसवलं. संयोजिका आणि आर्टिकलचे तिघे उठले, उरलेल्या चौघांना जागा दिली. काकांना पाठीला भिंत मिळावी म्हणून खिडकीजवळची खुर्ची दिली आणि तिथली मुलगी पलीकडच्या टेबलावर सरकली.

ही मुलगी शेंगदाण्याच्या ॲलर्जीची. सूचना खुर्चीला दिली होती, माणसाला नाही. पलीकडच्या टेबलाचा वाढपी वेगळा. त्याच्या हातात चटण्यांचं कप्प्यांचं भांडं: एका कप्प्यात शेंगा चटणी, एकात कारळ्याची, एकात लाल रंजका, एकात लोणचं, आणि सगळ्यांना मिळून एकच चमचा. तिने "चटणी नको" म्हटलं, त्याने चटणी वाढली नाही, पण त्याच चमच्याने लोणच्याची फोड ताटात टाकली. चमच्याच्या कडेला चिकटलेला लाल-तपकिरी चुरा भाताच्या कडेला पडलेला तिला दिसला. तिने हात थांबवला, ताट बाजूला सारलं, उठून हात धुतले. मालकीणबाईंनी आतून नवं ताट काढलं, तव्यावरून सरळ चपात्या आणल्या, न उघडलेल्या भांड्यातलं दही दिलं. त्रास झाला नाही. मात्र ती पोटभर जेवली नाही, आणि तिच्या टेबलावरच्या बाकीच्यांचं लक्षही जेवणातून उडालं.

उरलेलं जेवण उत्तम झालं, हे सांगायलाच हवं. कडक भाकरीने पहिली दहा मिनिटं बरोबर सांभाळली. एणगाईचा मसाला आतपर्यंत मुरलेला होता, ताक घट्ट आणि आलं-कोथिंबीर लावलेलं. जैन ताटं सांगितल्याप्रमाणे आली आणि त्यातली दोडक्याची भाजी इतरांनीही मागून घेतली. ज्यांना मधुमेहामुळे वेळेची काळजी होती ते साडेबाराच्या आत कडक भाकरी खायला लागले होते. तेवढी सूट संयोजिकेने शहाणपणाने दिली होती. उठून उभे राहिलेल्या चौघांना एकच्या सुमारास जागा मिळाली.

शाल-श्रीफळ आणि दोन शब्द जेवणानंतर तिथेच ठरले होते. ते जमलं नाही. दारात माणसं ताटकळत असताना भाषण करता येत नाही. पहिले बारा जण सव्वा वाजता उठले. काका उभ्यानेच मालकाशी दोन वाक्यं कन्नडमध्ये बोलले, आणि सगळे निघाले. सत्कार तीन वाजता ऑफिसात झाला, बरोबर घेतलेल्या कुंद्यासह (बेळगावची खव्याची मिठाई).

हिशेब

सोळा ताटं 2240. जादा दही पाच वाट्या, वीस रुपयांप्रमाणे 100. बिल 2340. वाढपी आणि भाकरीवाल्या बायका मिळून 150. कुंदा 460. एकूण 2950. गोळा झालेले 1500. उरलेले 1450 दोघा पार्टनरांनी 725 प्रमाणे भरले. भाकरीवाल्यांना वेगळे पैसे द्यावेत हे मुद्दाम लिहितो. बहुतेक घोळके वाढप्याच्या हातात देऊन मोकळे होतात आणि आत तव्यापाशी बसलेलीपर्यंत ते पोचत नाहीत.

परिणाम

सगळ्यांना खाता येईल असं जेवण मिळालं, पैशावरून कुणाला कानकोंडं वाटलं नाही, काकांना हवं तिथे जेवता आलं. सोळा जण एका पंगतीला बसणं मात्र साधलं नाही, आणि काकांनी मटण सोडून तेच मागितलं होतं. एका मुलीची थाळी धोक्याजवळ जाऊन परतली. मटणवाल्या पाच जणांनी पुढच्या आठवड्यात आपापलं सावजी गाठलं.

वेगळं काय करता आलं असतं

मोटारी न्यायच्याच नव्हत्या. काका आणि मावशींना रिक्षाने आणलं असतं तर खानावळीच्या दाराशी उतरता आलं असतं. सहा जणांना दोन रिक्षा पुरतात. मोटार हवीच असेल तर बापट गल्लीतल्या पार्किंगला लावून चालत यायचं आणि त्यासाठी वीस मिनिटं आधी निघायचं. ज्याच्या मानासाठी जेवण आहे त्याला पहिल्या गाडीत बसवायचं, शेवटच्या नव्हे.

साडेबाराला एक टेबल स्वतःहून सोडायला हवं होतं. मालकाला आपण सांगितलं की "हे चार तुम्ही घ्या, बाकी आमची", तर तो पुढचं टेबल रिकामं होताच आपल्याला देतो. गप्प राहून धरून ठेवलं की तो हिशेब आपल्या मनाने करतो. शिवाय कुणी उठायचं, कुणी बसायचं हे घाईत ठरवावं लागलं नसतं, आणि ती मुलगी खिडकीजवळच राहिली असती.

ॲलर्जीबाबत तीन गोष्टी. मुलीची आणि वाढप्याची समोरासमोर ओळख करून द्यायची, म्हणजे जागा बदलली तरी माणूस लक्षात राहतो. तिचं ताट आतूनच वाढून आणायचं, पंगतीतल्या भांड्यांमधून नाही. आणि शेजारच्या दोघांना आधी सांगून ठेवायचं. चमचा फिरताना तिच्याआधी त्यांच्या लक्षात येऊ शकतं. चौथी वाट म्हणजे तिने डबा आणणं. हा पर्याय तिच्यापुढे ठेवलाच गेला नाही. तिला वेगळं पाडल्यासारखं वाटेल म्हणून ठेवला नाही, पण ते ठरवण्याचा हक्क तिचा होता.

सत्कार निघण्याआधी, साडेअकराला ऑफिसात करायला हवा होता. खानावळीत फक्त जेवण. पाऊण तासात उठायचं हे आधीच ठरलं असतं तर मालकानेही कदाचित बारा पस्तीसला एवढी घाई केली नसती.

माडी की तळमजला हा निर्णय मात्र पुन्हा तसाच घ्यावा. माडीवर एक वाजता निवांत बसता आलं असतं, भाषणंही झाली असती, असं नंतर दोघांनी बोलून दाखवलं. पण दोराला धरून जिना चढणारा निवृत्त माणूस आणि वरून टाळ्या वाजवणारं ऑफिस, हे चित्र त्या दोघांनी नीट डोळ्यांपुढे आणलेलं नसावं.

ऑफिसने पुढच्या वेळेसाठी एक कागद करून संयोजिकेच्या खणात ठेवला आहे. त्यावर प्रत्येकाची तीन उत्तरं आहेत, वर्षातून एकदा पुन्हा विचारायची. खाली खानावळीची वेळ: बुधवार, सव्वाबारा, सोळापेक्षा जास्त नाही, सकाळी दहाच्या आत फोन.